लाल गाडीचं नाक आणि आमचे आप्पा

जायचं ठरलं तेव्हा माझे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. लीड्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात निखिल, म्हणजे माझा नवरा, आप्पांना फोनवर गाड्यांचे फोटो दाखवत बसला होता. आप्पा माझे सासरे. वय शहात्तर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ केलेले डेंटर. एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला कुठे पोचा आहे ते त्यांना पाठ झालं. शेजारच्या बाईंच्या दारासमोर उभं राहून ते त्यांच्या गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवत असल्यामुळे मला एकदा जाऊन खुलासा करावा लागला होता.

तर त्या फोटोत एक लाल, बिनटपाची, बुटकी गाडी डोंगराच्या वळणावर होती. आप्पांनी चष्मा लावला, काढला, शर्टाला पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, "निखिल, हे नाक मी केलंय."

ही गोष्ट मी लग्नानंतर किमान वीस वेळा ऐकली आहे, तुम्ही एकदा ऐका. मुंबईच्या एका गिरणीमालकाच्या मुलाने इटलीत तयार झालेली शर्यतीची जुनी गाडी विकत घेतली होती. विमानतळांच्या धावपट्ट्यांवर तेव्हा शर्यती होत, तिथे तो ती पळवायचा. एकदा कोल्हापूरला येताना त्याने ती चिंचेच्या झाडावर घातली. गाडी बैलगाडीतून उद्यमनगरात आली, तेव्हा तिला नाकच नव्हतं. आप्पा ज्या वस्तादांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या गॅरेजात ते काम आप्पांकडे आलं. ते तेव्हा चोविसाव्या वर्षात होते. मूळ नाक कसं होतं याचा फोटो नव्हता, मालकाच्या ड्रायव्हरने हवेत हात फिरवून दाखवलं तेवढाच नकाशा. आप्पांनी मुंबईहून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून नवं नाक घडवलं. वर्षभरात गाडी विलायतेला विकली गेली, आणि चिंचेच्या झाडाचं पुढे काय झालं हे मात्र मला कुणीच सांगितलेलं नाही.

निखिलने अर्ध्या तासात शोधून काढलं की ती गाडी दर उन्हाळ्याच्या शेवटी वूस्टरशरमधल्या एका हिलक्लाइंबला येते. हिलक्लाइंब म्हणजे चढाची शर्यत: अरुंद, वळणाचा रस्ता, एका वेळी एकच गाडी, आणि वर पोचायला किती सेकंद लागले ते मोजायचं. तारीख तीन आठवड्यांवर होती. त्याच शनिवारी निखिलच्या ऑफिसात नवी सिस्टिम सुरू व्हायची होती, म्हणून आप्पांना घेऊन जायचं माझ्याकडे आलं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. गाड्यांमधलं मला एवढंच कळतं की लाल दिवा लागला की तेल घालायचं. आप्पा तेवढ्यावर म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय. पण चालंल, गाडी तरी चालवतीस."

शुक्रवारी सकाळी निघालो. लीड्सहून एम वन, मग बर्मिंगहॅमला वळसा घालून एम फाइव्ह, आणि वूस्टरनंतर छोटे रस्ते. नकाशा तीन तास म्हणतो, शुक्रवारी साडेचार धरा. दुपारी बाराच्या आत बर्मिंगहॅम ओलांडलंत तर सुखी व्हाल. हायवेवरच्या थांब्यांवरची, म्हणजे सर्व्हिसेसमधली, कॉफी महाग आणि कडवट असते, म्हणून थर्मास आणि डब्यात दशम्या घ्या. आम्ही घेतल्या होत्या. आप्पांनी शिवाय खिशात स्टीलची डबी घेतली होती, कांदा-लसूण मसाल्याची. त्या डबीशिवाय ते पोस्टातसुद्धा जात नाहीत.

मुक्काम मॉल्व्हर्नला होता. डोंगराच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव, चढ इतके की सायकलवाले उतरून चालतात. बी-अँड-बी, म्हणजे नाश्त्यासकट घरगुती खोली, आधी सांगून ठेवा, शर्यतीच्या शनिवार-रविवारी खोल्या मिळत नाहीत. आम्हाला दोन खोल्या, दोन रात्री, नाश्ता धरून तीनशे पौंडांच्या आत मिळाल्या. संध्याकाळी पबमध्ये मी भाजलेला बटाटा मागवला, आप्पांनी लॅम्ब. पहिला घास घेऊन त्यांनी डबी काढली आणि ताट लाल केलं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने ते काय आहे विचारलं आणि चिमूटभर आपल्या चिप्सवर घेतलं. तो नंतर बराच वेळ पाणी पीत होता, पण जाताना आप्पांशी हात मिळवून गेला.

जेवताना आप्पा काटा ताटातच फिरवत राहिले. मी कारण विचारलं तर म्हणाले, गाडी तीच असली तरी नाक तेच असेल कशावरून? पन्नास वर्षांत कुणीतरी बदललं असणारच. गॅरेज बंद करून त्यांना बारा वर्षं झाली. आता गाड्यांना प्लास्टिकचे बंपर असतात, ठोकला की फेकायचा आणि नवा लावायचा. त्यांनी हाताने घडवलेलं काहीच कुठे उरलेलं नाही, असं ते म्हणाले. गाड्या भंगारात गेल्या, गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी बडबड करते, म्हणून मी त्यांना उद्याच्या हवामानाचा अंदाज सविस्तर वाचून दाखवला.

शनिवारी नऊला पोचलो. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर माणशी वीस पौंडांच्या आसपास, पार्किंग फुकट पण शेतात. चांगले बूट घालून जा, पांढरे तर नकोच. घडीच्या खुर्च्या आणि कानात घालायचे बोळे घ्या. सगळ्यात मोठं सुख म्हणजे पॅडॉक, म्हणजे गाड्या उभ्या असतात ती जागा, सगळ्यांना खुली असते. दोऱ्या नाहीत, काचा नाहीत. मालक गाडीखाली आडवे झालेले असतात आणि तुम्ही विचारलंत तर खालूनच उत्तर देतात.

पॅडॉकमध्ये शिरताच मला माझ्या आजोळची रविवार सकाळ आठवली, कारण हवेत एरंडेलाचा वास होता. मला वाटलं भास होतोय. आप्पांनी सांगितलं की जुन्या शर्यतीच्या इंजिनात एरंडेलाचंच तेल घालतात, गरम झालं तरी ते पातळ होत नाही. लहानपणी नाक दाबून चमचाभर प्यायलेलं ते औषध इथे तीस-चाळीस गाड्या आनंदाने पीत होत्या.

इटालियन गाड्यांची रांग सफरचंदाच्या झाडांखाली होती. सगळ्या लाल, पण प्रत्येक लाल वेगळा. एका टोकाला युद्धापूर्वीच्या उंच चाकांच्या, पट्ट्यांनी बॉनेट बांधलेल्या. दुसऱ्या टोकाला बारा सिलिंडरवाली, जिच्या घराण्याचं नाव लहान मुलांच्या खेळण्यांवरही असतं. आप्पांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते सरळ सहाव्या गाडीपाशी गेले आणि थांबले.

गाडी माझ्या कमरेपर्यंतही नव्हती. दोन बसायच्या जागा, त्यांच्यापुढे हातभर काच, आणि पुढे निमुळतं होत गेलेलं नाक, त्यात अंडाकृती तोंड. आप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे दुखतात म्हणून ते आमच्याकडे सोफ्यावरून उठायलाही हात मागतात, तिथे गवतात एका क्षणात बसले. मग तोंडाच्या आतल्या काठाखाली त्यांनी बोटं घातली आणि डोळे मिटून, आंधळा माणूस वाचतो तसा हात सरकवत राहिले. "हायत," ते म्हणाले. "सातही हायत." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. जोन, वय ऐंशी, काठीसारख्या सरळ, नवऱ्याचा जुना डांगरीचा पोशाख बाह्या दुमडून घातलेला. गाडी त्यांच्या नवऱ्याने घेतली होती, तो गेल्यावर गेली नऊ वर्षं त्या स्वतः चालवतात. त्यांच्याबरोबर रॉजर नावाचे गृहस्थ होते, क्लबचे इतिहासकार. काखेत चार बोटं जाडीची फाइल. परका माणूस आपल्या गाडीच्या तोंडात हात घालून रडतोय हे पाहून जोनबाईंना काहीच वावगं वाटलं नाही. लोक या गाडीपाशी पुष्कळदा रडतात, त्या म्हणाल्या, चहा घेणार का?

आप्पांना इंग्रजी कळतं ते पाट्यांपुरतं, म्हणून मी मध्ये बसून भाषांतर करत होते. रॉजर रंगात आले. युद्धात इटलीचे कारखाने बाँबने उद्ध्वस्त झाले होते, पण मोडेना, बोलोन्या, तोरीनोच्या गल्लीबोळांत विमानांचे भाग बनवलेले कारागीर शिल्लक होते. त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शर्यतीच्या गाड्या करायला घेतल्या. साध्या घरगुती गाडीचं इंजिन घ्यायचं, ते पार उकलून ताकदवान करायचं, नळ्यांचा सांगाडा जोडायचा आणि वरचा पत्रा दुसऱ्या शेडमधल्या ठोकणाऱ्यांकडे द्यायचा. ते झाडाच्या ओंडक्यावर, वाळूच्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून नजरेने ठोकत. नकाशे नसत, त्यामुळे एकासारखी दुसरी गाडी नाही. शर्यती साध्या रस्त्यांवर, गावागावांतून हजार हजार मैल चालत, म्हणून नियमाने दोन सीट आणि दिवे लागत. इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, फ्रान्सचा निळा, असे देशांचे रंग ठरलेले. दोन-तीन वर्षांत गाडी मागे पडली की ती विकून टाकत, शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपावा तशी, आणि मग ती आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, हिंदुस्थानात कुठेही जाई. पुढे एक भयंकर अपघात झाला, रस्त्यांवरच्या त्या शर्यती बंद पडल्या, आणि त्या शेडही एकामागून एक बंद झाल्या. या गाडीच्या कारखान्याने तर सगळ्या मिळून जेमतेम डझनभर गाड्या केल्या. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, डझनभरांतली ही गाडी कुणालाही ओळखू येईल.

"म्हंजे आमच्यासारखीच गॅरेजं की," आप्पा म्हणाले.

मी त्याचं भाषांतर करणार, तोच रॉजरनी फाइल उघडली आणि एक मोठा फोटो दाखवला. नाकाच्या आतल्या काठाचा. त्यात पंचने मारलेले सात ठिपके होते, एका ओळीत. रॉजर म्हणाले की हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध. ही कारखान्याची सातवी गाडी, आणि हे सात ठिपके म्हणजे इटालियन कारागिराने घातलेला क्रमांक. हिंदुस्थानात अपघात झाल्याची अफवा होती, पण ठिपक्यांनी सिद्ध केलं की नाक पहिल्यापासूनचं आहे. डाव्या दिव्यावरची भुवई, म्हणजे दिव्यावर आलेली पत्र्याची कड, किंचित खाली आहे, त्यावर तर त्यांनी अख्खं पान लिहिलं होतं: यंत्राला न जमणारी, खास इटालियन हाताची लकब.

जोनबाईंनी पुढचं सांगितलं. त्यांना मूलबाळ नाही. आपल्यानंतर गाडी कुणा हौशी श्रीमंताच्या तळघरात जाऊ नये म्हणून त्या ती एका कलादालनाला कायमची देणार होत्या. इटलीत हाताने घडलेल्या गाड्यांचं ते दालन, अट एकच, की एकही पत्रा नंतरचा नको. रॉजरच्या फाइलमुळे दालनाने होकार दिला होता. ऑक्टोबरमध्ये गाडी जाणार होती, म्हणजे आज त्यांची शेवटची शर्यत.

हे सगळं मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. आता वाटतं, थोडं गाळलं असतं तर. आप्पांचा चेहरा हळूहळू उतरला. ते म्हणाले, "तिला सांग, ते ठिपके माझे हायत." मी जोनबाईंना इंग्रजीत सांगितलं की आप्पांना जरा चक्कर येतेय, आम्ही सावलीत बसून येतो. चौदा वर्षांच्या संसारात सासऱ्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच खोटं घातलं.

टेकडीच्या उतारावर गवतात बसून मी दशम्या काढल्या आणि त्यांना समजावू लागले. नाक त्यांचं आहे हे आपल्याला कळलं, ते टिकलंय हे डोळ्यांनी पाहिलं. आता ते कायम एका दालनात राहील, लाखो लोक बघतील. आपण बोललो तर दालन नाही म्हणेल, म्हाताऱ्या बाईंची सोय मोडेल, कदाचित कुणीतरी ते नाक काढून दुसरं बसवील. "झाकली मूठ सव्वा लाखाची, आप्पा," मी म्हटलं. "तुमचं एवढं एकच काम जगात उरलंय. ते कशाला घालवता?"

आप्पांनी दशमी खाल्ली नाही. त्यांनी मला ठिपक्यांची गोष्ट सांगितली, जी वीस वेळांत कधी सांगितली नव्हती. वस्तादांकडे नऊ माणसं होती. प्रत्येकाला नंबर. पत्रा पुरा झाला की आतल्या काठाला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, ज्याने त्याने आपल्या नंबराइतके ठिपके मारायचे. ती काही कलाकाराची सही नव्हती. पत्रा तडकून परत आला की वस्ताद काठाखाली बोट घालून ठिपके मोजत आणि भर गॅरेजात नंबर पुकारत. त्या माणसाने हात वर करायचा, शिव्या खायच्या, आणि काम संपल्यावर आपल्या वेळात ते निस्तरायचं. आप्पा सात नंबर होते.

"आणि ती भुवई," ते म्हणाले, "ती लकब न्हाई. ती चूक हाय. मालकाचा माणूस ट्रक घेऊन दारात उभा व्हता, मला आणखी दोन दिवस पायजे व्हते, दिले न्हाईत. वस्ताद तेव्हा आजारी व्हते, त्यांनी ते बघितलंच न्हाई. माझा नंबर कुणी पुकारलाच न्हाई. आज त्या रॉजरनं पुकारला. मग हात वर कराय नको?"

मला राग आला होता, आणि राग कशाचा ते मला तेव्हाच कळत होतं: मी त्यांच्यापेक्षा हुशार आहे असं समजून चालले होते, आणि आता त्यांचेच शब्द मला इंग्रजीत जाऊन सांगायचे होते. आम्ही उठलो.

जोनबाई हेल्मेटची पट्टी बांधत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. रॉजर आधी हसले, मग लाल झाले. कुणीही येऊन असं म्हणू शकतं, त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. जोनबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि आप्पांना विचारलं की ॲल्युमिनियम ठोकण्याआधी मऊ करायला किती तापवायचं हे त्या काळी कसं ठरवत. पोलाद तापलं की लाल दिसतं, ॲल्युमिनियम तर काहीच सांगत नाही आणि एकदम वितळतं. आप्पांनी प्रश्न ऐकला आणि हाताने पत्र्यावर वडी घासल्यासारखं केलं. "सोप," ते म्हणाले. "ब्लॅक, देन स्टॉप." कपड्याचा साबण पत्र्यावर घासायचा आणि तो काळा पडला की आच काढायची. जोनबाईंनी मान हलवली. त्यांच्या नवऱ्याची पद्धतही तीच होती.

मग आप्पांनी माझ्याकरवी सांगितलं की डाव्या दिव्याच्या मागे, आतून, तळहाताएवढा तुकडा आहे. पत्रा कमी पडला म्हणून जोडलेला, बाकीच्यापेक्षा जाड. सांधा बाहेरून दिसणार नाही, पण आत तीन जागी वेल्डिंग फुगलंय. रॉजर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन गवतात आडवे झाले. बराच वेळ त्यांचे फक्त बूट दिसत होते. मी रोज माणसांची हाडं बघते, वाईट निकाल आला की खोलीत कसली शांतता पडते ते मला माहीत आहे. रॉजर बाहेर आले, गुडघे झटकले आणि फाइल बंद केली. "तीन," एवढंच ते म्हणाले.

जोनबाईंनी हेल्मेटची पट्टी घट्ट केली. लाउडस्पीकरवरून त्यांचा नंबर पुकारला होता. त्या गाडीत बसल्या आणि गेल्या.

आम्ही पहिल्या वळणावरच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो. खाली हिरवा दिवा लागला, आणि तो आवाज आला. फोनमध्ये रेकॉर्ड केलेला मी नंतर ऐकला, त्यात काहीच नाही. प्रत्यक्षात तो बरगड्यांतून येतो. लाल नाक झाडांमधून वर आलं, डावी भुवई खरंच खाली होती, एकदा कळल्यावर मला दुसरं काही दिसेना. वळणावर मागची चाकं घसरली, जोनबाईंनी ती सावरली आणि ऐंशी वर्षांची बाई आमच्यासमोरून अशी गेली की आप्पांची टोपी उडाली. एरंडेलाचा वास तेवढा मागे राहिला. लाउडस्पीकरवर वेळ सांगितली, गेल्या वर्षीपेक्षा सेकंदभर कमी. आप्पा टोपी हातात धरून म्हणाले, "नाक हललं न्हाई बघ. एवढ्या जोरातसुद्धा न्हाई."

नंतर चहा झाला. जोनबाईंनी पहिला कप आप्पांना दिला, स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, कापून त्यावर क्रीम आणि जॅम लावून दिलं. रॉजर लांब उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. दालनाला कळवणं त्यांना भागच होतं. निघताना जोनबाईंनी माझा ईमेल लिहून घेतला. त्या चिडल्या आहेत की नाही ते इंग्रज माणसाच्या चेहऱ्यावरून कुणाला कळलंय?

रविवारी सकाळी आम्ही मॉल्व्हर्नच्या डोंगरावर गेलो. वाहनतळापासून माथा पाऊण तासावर, वाट सोपी, आप्पांच्या वेगाने दीड तास. वरून एका बाजूला वेल्स, दुसऱ्या बाजूला सपाट हिरवं इंग्लंड. बाक भरपूर आहेत. म्हाताऱ्यांना घेऊन जाणार असाल तर अवश्य जा, फक्त वारा फार, कानटोपी न्या. आप्पा वर बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. परतताना एम फाइव्हवर तासभर अडकलो, तेव्हा मी न राहवून विचारलं, पस्तावा होतोय का? ते म्हणाले, बाईचं नुकसान झालं याचा होतोय. बाकीचा नाही. मग झोपले ते लीड्स येईपर्यंत.

घरी आल्यावर तीन आठवडे काहीच आलं नाही. आप्पा विचारत नव्हते, पण मी फोन उचलला की माझ्याकडे बघायचे. निखिलला मी सगळं सांगितलं, तर तो उठून वडलांच्या खोलीत जाऊन त्यांच्या शेजारी उगाच टीव्ही बघत बसला. मला हिशेब लागत नव्हता. एवढा प्रवास करून आम्ही काय आणलं? एक माणूस आपल्या हातचं काम शोधायला गेला, ते सापडलं, आणि त्याने स्वतःच ते उघडं पाडलं.

मग जोनबाईंचा मेल आला. मी तो स्वयंपाकघरात आप्पांना मराठीत वाचून दाखवला, या वेळीही एक शब्द न गाळता. दालनाने सभ्य भाषेत नकार कळवला होता. पहिला आठवडा मी चिडले होते, त्यांनी लिहिलं होतं, आणि तुमच्यावर नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मग एका सकाळी गॅरेजमध्ये गेले आणि लक्षात आलं की ऑक्टोबरमध्ये हिला न्यायला कुणी येणार नाही, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातही मी हिला चालवणार आहे, आणि मला फार हलकं वाटलं. रॉजर अजून रुसलेला आहे, पण त्याने फाइलमधलं एक पान काढून टाकलंय आणि नव्या पानासाठी त्याला तुमच्या वस्तादांचं नाव हवंय. आता एकच विचारायचं होतं. डाव्या भुवईचं काय करू? बर्मिंगहॅमजवळ पत्र्याचा एक उत्तम कारागीर आहे, तो ती नीट करून देईल.

आप्पा खुर्चीतून उठले, हात न मागता. "त्याला हात लावू द्यायचा न्हाई," ते म्हणाले. "लिही तिला. चूक माझी हाय. माझं परतीचं विमान आठवड्यावर हाय, पुढल्या वर्षी मी येतो आणि मी करतो. तवर तशीच राहू दे." मी तेच लिहिलं, आणि वस्तादांचं नावही.

उत्तर त्याच दुपारी आलं, दोन ओळींचं. हातोडे माझ्या नवऱ्याचे आहेत, साबण तुम्ही आणा. मी ऐंशीची आहे आणि तुम्ही शहात्तरचे, तेव्हा फार वेळ लावू नका.

आप्पांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं की एप्रिलचं तिकीट आत्ताच काढलं तर स्वस्त पडेल का.